22 घरकुलं, एकच नकाशा नको: सामाईक ‘पॅटर्न’ कसे लिहायचे?

औसा_रोड

नमस्कार. औसा तालुक्यातल्या एका गावी गावठाणाला लागून 22 कुटुंबांना घरकुलासाठी जागा मिळाली आहे, प्रत्येकी 20 बाय 25 फूट. बहुतेक मंजुऱ्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणच्या, थोड्या रमाई आवासच्या. जमीन काळी. एका टोकाला 4 फुटांवर मुरूम लागतो, दुसऱ्या टोकाला 8 फूट खणलं तरी काळीच.

एक नकाशा काढून 22 वेळा छापायचा नाही, एवढं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या पद्धतीने छोटे छोटे पॅटर्न (एकेका अडचणीवरचा, पुन्हा वापरता येईल असा उपाय) लिहायचे आणि प्रत्येक कुटुंबाने त्यातून आपलं घर जुळवायचं, असा विचार आहे. (लातूर पॅटर्न नव्हे. शिकवण्यांचा इथे काही संबंध नाही.) अडलंय ते असं:

पॅटर्न नेमका कसा लिहायचा, म्हणजे गवंडी, अभियंता आणि घरमालक तिघांनाही तोच अर्थ कळेल? एवढ्याशा प्लॉटवर अंगणाभोवती घरं बसतात का? शेजाऱ्यांची सामाईक भिंत घेतली तर खरंच पैसे वाचतात का? आणि सुरुवात कोणत्या पॅटर्नपासून करावी?

चौसोपी

आधी आकडा लहान करा. अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांच्या 1977 च्या संग्रहात 253 पॅटर्न आहेत, प्रदेशापासून खिडकीपर्यंत. तुम्हाला 12 पुरेत. त्यापुढे गेलात की बैठकीत कोणी वाचत नाही, आणि जो वाचत नाही तो शेवटी ‘शेजाऱ्यासारखंच करा’ म्हणतो.

प्रत्येक पॅटर्न एका पानाचा असावा. वर नाव, बोलीतलं. मग तो कुठे लागू पडतो, कोणत्या गोष्टी एकमेकींना ओढतात, उपाय मापांसकट, हाताने काढलेलं एक चित्र, कुठे चालत नाही, आणि त्याच्या वरचा-खालचा पॅटर्न कोणता. लोक ‘कुठे चालत नाही’ हा रकाना गाळतात आणि तिथेच पॅटर्नचा नियम होतो. अलेक्झांडर यांनी पॅटर्नवर तारका दिल्या होत्या: दोन म्हणजे पक्का विश्वास, एक म्हणजे अजून सुधारता येईल, तारका नाही म्हणजे खात्री नाही. तीच सोय ठेवा. मिस्तरीला तारका नसलेल्या पॅटर्नवर वाद घालायची उघड मुभा हवी.

नमुन्यादाखल एक लिहून देतो.

*बाज मावेल अशी ओसरी* ★★
लागू: अंगणाकडे तोंड असलेलं प्रत्येक घर.
ओढाताण: अनुदानात 25 चौरस मीटरच बसतात, म्हणून ओसरी पहिल्यांदा कापली जाते. पण उन्हाळ्यात स्लॅबखाली दुपारी बसवत नाही आणि रात्री झोपवत नाही. म्हाताऱ्या माणसाला अंगणावर नजर हवी, पाहुण्याला घरात न शिरता टेकायला जागा हवी, शेळीही पावसात तिथेच येते.
उपाय: पुढून मागे किमान 6 फूट. बाज 3 फुटांची धरली तर माणसाला जायला 3 फूट उरतात. 4 फुटांची ओसरी म्हणजे चपला ठेवायची जागा. जमीन घराच्या फरशीपेक्षा 6 इंच खाली. पत्र्याला भिंतीपाशी 9 फूट, बाहेर 7 फूट उंची. शक्यतो तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिमेलाच तोंड येत असेल तर पुढची निम्मी बाजू वीटजाळीने झाका.
पुढे: ओसरीला घराच्याच मापाचा पाया घातला तर पाच-दहा वर्षांनी भिंत उचलून तिची खोली करता येते. हलका पाया घातलात तर तो दरवाजा कायमचा बंद.
कुठे चालत नाही: रस्त्याला थेट लागून. तिथे ओसरीचं दुकान होतं आणि घरातल्या बायका मागच्या दाराने ये-जा करू लागतात.
वरचा पॅटर्न: सात घरांचं अंगण. खालचा: टेकायचा ओटा.

अंगण बसतं. समोरासमोर तीन-तीन प्लॉट, बंद टोकाला एक, मधे 26 बाय 60 फूट मोकळं. सात-सात-आठ असे तीन गट होतात. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये असंच सात घरांचं अंगण घेतलं होतं, साधारण 8 बाय 8 मीटरचं. दोन ओळींमध्ये एरवीही 30 फुटांचा रस्ता सोडणारच होतात. तीच जागा अंगणाला दिली की जादा जमीन लागत नाही. फक्त आरपार वाट ठेवू नका. आरपार वाट असली की अंगणाचा रस्ता होतो आणि तिसऱ्या वर्षी तिथे ट्रॉली उभी राहते.

चिठ्ठ्या मात्र कुटुंबांच्या काढू नका, गटांच्या काढा. कोण कोणासोबत राहणार ते आधी ठरू द्या, मग कोणतं अंगण कोणाला ते चिठ्ठीवर. किल्लारीच्या भूकंपानंतर जी पुनर्वसित गावं उभी राहिली, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी चौकटीचे रुंद रस्ते आणि सुटी घरं आली. जुनी आळी, भावकी, शेजार कागदावर विस्कटला. घर पक्कं मिळालं आणि हाकेला ओ देणारा लांब गेला.

काळ्या_मातीवर

अंगण, ओसरी सगळं छान. पण पहिला पॅटर्न जमिनीखालचा लिहा. काळ्या मातीत भिंत तडकली की त्यावरचे अकराही पॅटर्न तडकतात.

22 प्लॉटना किमान 11 चाचणी-खड्डे घ्या, दोन प्लॉटच्या मधल्या हद्दीवर एक. माती किती फुगते ते गावातच बघता येतं. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली, वाळवलेली 10 ग्रॅम माती 100 मिलीच्या दोन मोजपात्रांत टाका. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. ढवळून हवा काढा, 24 तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमध्ये 12 मिली आणि पाण्यात 20 मिली भरली, तर फुगवटा 8 भागिले 12, म्हणजे 67 टक्के. 50 च्या वर गेलं की साध्या पायावर विसंबू नका.

यातून पायाचे दोन पॅटर्न निघतात.

*मुरमाला टेकलेला पाया*: 5 फुटांच्या आत मुरूम लागतो तिथे. चर मुरमात 6 इंच खाली घ्या, वर डबराचं बांधकाम, जोत्याला आरसीसी पट्टा. चर परत भरताना तीच काळी माती टाकू नका. मुरूम टाकून थराथराने ठोका.

*अधांतरी जोतं*: मुरूम खोल आहे तिथे. अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर गड्डा असलेले खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने (सीबीआरआय) विकसित केलेली ही पद्धत काळ्या मातीसाठीच आहे. खांब 250 मिमी, गड्डा त्याच्या अडीचपट म्हणजे 625 मिमी, खोली किमान 3.5 मीटर, अंतर 10 फुटांच्या आसपास. हाताच्या ऑगरने (जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने) खणता येतात. एका खांबाला साधारण 8 घनफूट काँक्रीट. मधल्या भिंतीसह 20 बाय 14 फुटांच्या घराला 9 खांब: चार कोपरे, चारही बाजूंच्या मधे एकेक आणि एक मधल्या भिंतीखाली. वरचा बीम जमिनीला टेकवायचा नाही, खाली 80 मिमी पोकळी ठेवायची. हीच पोकळी साइटवर हमखास बुजते. बीम ओतताना खाली माती ठोकून तिलाच फॉर्मा करतात आणि नंतर ती काढत नाहीत. मग पावसात माती फुगली की खालून बीमलाच उचलते, आणि 9 खांबांचा खर्च पाण्यात.

एकच घर निम्मं मुरमावर, निम्मं काळीवर कधीही नको. खड्ड्यांची खोली बघून हद्द ठरवा आणि अख्खं घर एकाच पद्धतीत घ्या.

पायाइतकंच पाण्याचं बघा. घराभोवती 3 फुटांचा फरशीपट्टा, बाहेर उतार, आणि न्हाणीचं पाणी पाइपने लांब. न्हाणीचा कोपरा ओला आणि बाकीचं घर कोरडं असलं की तोच कोपरा वर उचलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. लिंब, सुबाभूळ घराच्या भिंतीशी लावू नका. झाडाची पूर्ण वाढीची जेवढी उंची, तेवढं अंतर.

चौसोपींच्या मांडणीत एक गोष्ट बसत नाही. 25 फुटांत 6 ओसरी, 14 घर, मागे 5 उरतात. दोन खड्ड्यांच्या शौचालयाचा एक खड्डा आतून 1 मीटर व्यासाचा. अस्तर आणि काळ्या मातीत लागणारं 300 मिमीचं वाळू-खडीचं वेष्टन धरून तो बाहेरून 6 फूट होतो. वेष्टन वगळलं तर काळ्या मातीत पाणी मुरत नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबतो. म्हणजे 5 फुटांत तो मावत नाही, आणि मावला असता तरी पायाला खेटून नकोच. पाठीला पाठ लावलेल्या दोन ओळींमध्ये 13 फुटांची सेवा-गल्ली सोडा, सगळे खड्डे तिथे. दोन खड्ड्यांत किमान 1 मीटर अंतर, पिण्याच्या पाण्याच्या बोअरपासून 10 मीटर. हा स्वतंत्र पॅटर्न लिहा: *पाठीमागची गल्ली*. उपसायला माणूस आणि गाडा जाईल, एवढी ती रुंद राहिलीच पाहिजे.

आता भूकंप. हा भाग 1993 ला सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात गणला जात होता, नंतर क्षेत्र तीनमध्ये आला. 30 सप्टेंबर 1993 ला माणसं गेली ती घरं दगडाची किंवा मातीची होती म्हणून नव्हे. जाड भिंतीचे आतले-बाहेरचे दोन पदर एकमेकांना बांधलेले नव्हते, मधे कच भरलेली, आणि डोक्यावर माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) ओझं. पांढऱ्या मातीचा दीड फुटाचा थर म्हणजे दर चौरस मीटरला पाऊण टन. दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पडायची. जिथे सर, तुळया आणि खांब यांचा लाकडी सांगाडा भिंतीपासून वेगळा आणि धड होता, तिथे भिंती पडूनही छत पुष्कळदा उभं राहिलं. हा जुन्या खणांच्या (लाकडी सांगाड्याच्या) घरांचा गुण आहे, तो पॅटर्नमध्ये यायला हवा.

*तीन पट्टे* असं नाव द्या: जोत्याला, लिंटलला (दार-खिडकीच्या वर), आणि स्लॅब नसेल तर छताखाली. लिंटल पट्टा भिंतीच्या पूर्ण रुंदीचा, 75 मिमी जाड, 10 मिमीच्या दोन सळया, दर 6 इंचांवर 6 मिमीची आडवी कडी. बाहेरच्या 68 फूट भिंतीला कड्या सोडून साधारण 25 किलो सळई आणि 12-13 घनफूट काँक्रीट लागतं. सळई कोपऱ्यातून वळवून पुढे न्या. जोड कोपऱ्यात नको, मधे 20 इंचांचा. प्रत्येक कोपऱ्यात पायापासून उभी सळई. दार-खिडकी कोपऱ्यापासून दीड फूट लांब. दगडी भिंत घेणार असाल तर उंचीत दर 2 फुटांना आणि लांबीत दर 4 फुटांना आरपार बंधन दगड, जाडी दीड फुटांच्या वर नको.

सेंटरिंग_प्लेट

वरच्या दोघांनी चांगलं लिहिलंय, पण पैसा कुठं वाचतो ते कोणीच बोलंना.

पैसा वाचतो एका मापात. *दहा फुटांचा खण* असा पॅटर्न लिहा. भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत 10 फूट, सगळ्या घरांना. 20 बाय 14 म्हणजे दोन खण. कोणाला स्वयंपाकघर डावीकडं पाहिजे, कोणाला उजवीकडं, काहीही करा, खण बदलू नका. मग सळईचं कटिंग एकच, चौकटी एकाच मापाच्या. स्लॅबखाली लावायची लोखंडी प्लेट 3 बाय 2 फुटांची येते. एका स्लॅबला 45 ते 50 लागतात. तीन घरांचा संच गटानं मिळून भाड्यानं घेतला की तो एका घरून दुसऱ्या घरी फिरतो. एकानं 11 फूट केलं की कापलेल्या फळ्या, वाया सळई आणि मिस्तरीचा एक दिवस गेला.

पण प्लेटी लवकर काढायची घाई करू नका. संच तीन असायचं कारण तेच. एकच संच घेतला की पुढचा मालक मागं लागतो आणि पुरेसे दिवस व्हायच्या आधीच टेकू निघतात.

पाणी. मे महिन्यात स्लॅब टाकताय तर हिशोब आधी करा. स्लॅबवर आळी करून 2 इंच पाणी उभं करायला एका घराला 1,300 लिटर लागतं, आणि त्यातलं काही रोज उडतं. चार स्लॅब एकाच आठवड्यात टाकले आणि टँकर एकच असला तर चारही कच्चे राहतात. भिंतीला गोणपाट भिजवून लावा, नुसतं पाइपनं शिंपडलेलं दहा मिनिटांत वाळतं. *स्लॅबची पाळी* म्हणून पॅटर्न करा: एका अंगणात आठवड्याला एकच.

विटेचं: रॅट-ट्रॅप जोडणी (विटा कडेवर उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची) कागदावर चौथाई वीट वाचवते. पण त्याला सरळ धारेची, एका मापाची वीट लागते. आपल्या भट्टीची वीट साच्यातच वाकडी. ती उभी लावली की सांध्यात दुप्पट माल जातो. परळीच्या वीज केंद्राच्या राखेची वीट आणली तर जमेल, मापात असते. वाहतूक धरून भाव काढा. काळ्या मातीचे दाबलेले ठोकळे करू नका. सिमेंट चिकण मातीला धरत नाही. मुरूम किंवा कच भरपूर मिसळली तरच, आणि तेही आधी दहा ठोकळे पाण्यात बुडवून बघून.

पुढच्या मजल्यासाठी सळया वर सोडतात, त्या उघड्या राहून गंजतात. वर हलक्या मालाची, 1:4:8 (सिमेंट:वाळू:खडी) ची टोपी घाला. वाढवायच्या वेळी फोडली की सळई नव्यासारखी.

जोतं_लिंटल_स्लॅब

सामाईक भिंतीचा हिशोब मांडतो. भिंत 14 फूट लांब, 10 फूट उंच, 9 इंची: 105 घनफूट, सुमारे 1,400 विटा. प्रत्येकाच्या वाट्याला 700 वाचतात. अख्ख्या घराला 7,000 च्या आसपास लागतात, म्हणजे दहावा हिस्सा. अधांतरी जोत्यात दोन घरांचे 18 खांब 15 वर येतात. बचत आहे, पण डोळे दिपवणारी नाही.

अडचण वेळेची आहे. प्रधानमंत्री आवास-ग्रामीणचं मूळ अनुदान मैदानी भागात 1 लाख 20 हजार, शौचालयाचे 12 हजार वेगळे, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. पैसे टप्प्याटप्प्याने, काम त्या टप्प्याला पोचल्याचा जिओ-टॅग फोटो चढल्यावर. एका भावाचं जोतं झालं आणि शेजाऱ्याच्या खात्याला आधार जोडायचं राहिलंय, की सामाईक भिंत अर्ध्यावर थांबते आणि दोघांचाही हप्ता अडकतो. म्हणून: दोन्ही मंजुऱ्या एकाच वर्षातल्या, दोन्ही खाती तपासलेली आणि दोन्ही घरं सख्ख्यांची किंवा तसा जिव्हाळा असलेल्यांची. तिन्ही असेल तर घ्या. भिंत कोणाच्या हद्दीत किती, वर मजला चढवायचा हक्क कोणाला, गळतीचा खर्च कोणाचा, हे संमतीपत्रात लिहून ग्रामपंचायतीच्या नमुना 8 (घरपट्टी आकारणीची नोंद) वरच्या मापांशी जुळवून घ्या. बाकीच्यांनी सुटी भिंत बांधावी.

दुसरं म्हणजे पॅटर्नची पानं हप्त्यांच्या क्रमाने लावा, विषयवार नको. जोत्यापर्यंतची चार पानं, लिंटलपर्यंतची तीन, स्लॅबची दोन, नंतरची तीन. घरमालकाच्या हातात त्या टप्प्याचीच पानं असली की तो मिस्तरीला विचारतो, ‘बीमखालची माती काढली का?’ हा प्रश्न हप्त्याच्या आधी विचारला गेला तर उपयोग.

वाळू 5 ब्रासपर्यंत मोफत मिळते. 22 जणांचे पास एकदम काढून वाहतूक सामाईक ठरवा. आणि एकमेकांना लागून असलेल्या घरांचे अक्षांश-रेखांश जवळजवळ सारखेच येतात, तेव्हा फोटोत घरक्रमांक आणि नाव लिहिलेली पाटी धरा.

चौसोपी

सुट्या भिंतीबद्दल सहमत. बेलापूरलाही कोरियांनी घरं शेजाऱ्याच्या भिंतीला जोडली नव्हती, कारण प्रत्येकाला आपापल्या सवडीने वाढवता यावं. पण मग दोन भिंतींमध्ये एक बोटाची फट ठेवू नका. तिथे पाणी शिरतं, ते काळ्या मातीत पायाशी जातं आणि साफही करता येत नाही. एक तर सामाईक, नाहीतर माणूस जाईल एवढी, निदान अडीच फुटांची बोळ. त्यासाठी घराची रुंदी 20 वरून साडेसतरा करावी लागेल आणि 25 चौरस मीटर भरायला पुढून मागे 15 फूट पाच इंच. मग सेंटरिंग_प्लेट यांचा दहा फुटांचा खण मोडतो, तो सगळ्यांनी मिळून पावणेनऊवर आणा. कोणता खण ते महत्त्वाचं नाही, एकच असणं महत्त्वाचं.

औसा_रोड

खूप उपयोगी. जोत्याची पानं आधी लिहायला घेतो. एक राहिलं: 22 पैकी 6 कुटुंबं ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर टोळी निघते ती मार्च-एप्रिलला परत. त्यांचं कसं बसवावं?

जोतं_लिंटल_स्लॅब

त्यांचा वेगळा पॅटर्न करा, *कुलपाची खोली*. दोन खणांपैकी एक पूर्ण बंद होईल असा: एकच दार, खिडकी अंगणाकडे, धान्य आणि सामान तिथे. दुसरा खण आणि ओसरी मागे राहिलेल्या आजी-आजोबा आणि शाळकरी पोरांसाठी चालू. चूल त्यांच्या बाजूला हवी. स्वयंपाकघर कुलपाच्या खोलीतून जाऊन येत असेल तर सहा महिने अडचण होते. सहाही घरं एका अंगणात कोंबू नका, दिवाळीनंतर ते अंगण ओस पडेल. दोन-दोन वाटून द्या.

बांधकामासाठी त्यांना एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा एवढीच फट मिळते. त्यांचे चाचणी-खड्डे आणि आखणी ते निघायच्या आधी, ऑक्टोबरातच उरका, म्हणजे परत आल्या दिवशी चर खणायला घेता येईल. खात्याची कागदपत्रंही तेव्हाच तपासा. टोळी कारखान्यावर असताना एका सहीसाठी कोणी परत येत नाही.

काळ्या_मातीवर

त्या सहा घरांना आपापल्या अंगणात जिथे मुरूम वर आहे तेच प्लॉट मिळाले तर बरं. खांब ओतून बीम घालण्यात जाणारे आठ-दहा दिवस त्यांच्याकडे नाहीत.